थ्री-नॉट-थ्री घ्यायची तर काय पाहायचं?

महाराष्ट्रात थ्री-नॉट-थ्री रायफल माहीत नाही असा माणूस विरळा. पोलीस कवायतीत, कोषागाराच्या पहाऱ्यावर, मतदान केंद्राच्या दारात ती कित्येक पिढ्यांनी पाहिली. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटी स्थानकात एके-४७ घेतलेल्या हल्लेखोरांसमोर आपल्या पोलिसांकडे हीच रायफल होती, आणि तेव्हापासून ती जुनाटपणाची खूण होऊन बसली. त्या कामासाठी ती कालबाह्य झाली होती हे खरंच आहे. पण तीच रायफल अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात लोक परवान्याचे सोपस्कार करून हौसेने विकत घेतात, सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेऊन कागदी लक्ष्यावर चालवतात आणि घरी भिंग घेऊन तिच्यावरचे शिक्के वाचतात. तिकडे राहणाऱ्या मराठी नेमबाजालाही जुनी लष्करी रायफल घ्यावीशी वाटली, तर बहुधा पहिलं नाव हेच आठवतं. ती पारखायची कशी, हे या लेखात सांगतो.

थ्री-नॉट-थ्री हे तिच्या .३०३ इंची काडतुसाचं नाव, तिचं स्वतःचं पूर्ण नाव ली-एनफिल्ड. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा, आणि पेटीसारखं मॅगझीन ही रचना जेम्स पॅरिस ली याची. तो स्कॉटलंडात जन्मला आणि कॅनडात वाढला. नळीच्या आतल्या पीळदार खाचा लंडनच्या उत्तरेकडच्या एनफिल्ड इथल्या सरकारी कारखान्याने ठरवल्या. १८९५ साली ही जोडी ब्रिटिश सैन्यात आली. १९०७ साली आलेला ‘एसएमएलई (शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड) मार्क ३’ हा तिचा सर्वांत ओळखीचा अवतार, आपल्या पोलिसांकडे दिसायचा तोच. मॅगझीनमध्ये १० काडतुसं मावतात, ती पाच-पाचच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी वरून भरायची. बोल्टची मूठ चापाच्या अगदी जवळ असते आणि बोल्ट उघडायला ती फार वळवावी लागत नाही, म्हणून बार काढण्याचा वेग कमालीचा मिळतो. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश सैनिकाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमके बार काढण्याची अपेक्षा असे. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीसाठी हा वेग आजही थक्क करतो.

या वेगाची एक किंमत आहे. जर्मन माउजर रायफलीत बोल्ट पुढच्या टोकाला, काडतुसाच्या लगेच मागे अडकतो. ली-एनफिल्डमध्ये तो मागच्या बाजूला अडकतो. त्यामुळे बार उडताना बोल्ट आणि रायफलीचा मधला सांगाडा किंचित ताणला जातो, आणि त्याबरोबर पितळी काडतूसही ताणलं जातं. खाली हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

चालवायची की जपायची?

दुकानात पाऊल टाकण्याआधी स्वतःला हा एकच प्रश्न विचारावा. दोन्ही करायचं आहे असं उत्तर जवळपास प्रत्येक जण देतो, आणि तिथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. कारण नेमबाजाला जी रायफल उत्तम, ती संग्राहकाला बऱ्याचदा निकृष्ट असते. नेमबाजाला हवी स्वच्छ नळी, घट्ट बसलेलं लाकूड, सहज मिळणारं काडतूस. एखादा सुटा भाग नंतर बदलला असला तरी त्याचं काही बिघडत नाही. संग्राहकाला मात्र कारखान्यातून किंवा शस्त्रागारातून जशी निघाली तशीच रायफल हवी. सगळ्या भागांवर एकच क्रमांक, मूळ लाकूड, मूळ काळा थर. नळी थोडी झिजलेली असली तरी तो मान डोलावून पैसे मोजतो.

म्हणून पहिली रायफल नेमबाजीसाठी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. साधी, थोडी खरचटलेली, भाग बदललेली, पण नळी आणि बोल्ट निकोप असलेली. ती वर्षभर चालवली की हात आणि डोळे तयार होतात. मग संग्रहासाठी मोठी रक्कम मोजताना आपण विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहत नाही.

आणि एक गोष्ट कधीही करू नये: जुन्या लष्करी रायफलीला ‘नवं रूप’ देणं. लाकूड घासून चकचकीत व्हार्निश लावणं, धातूवर नवा काळा रंग चढवणं, दुर्बिणीसाठी भोकं पाडणं. शिवकालीन शिवराई राखेने घासून लखलखीत करावी, तसा हा प्रकार आहे. एकेकाळी या रायफली लष्कराने इतक्या स्वस्तात विकल्या की अमेरिकेत आणि कॅनडात लोकांनी पुढचं लाकूड कापून हजारो रायफली शिकारीसाठी हलक्या केल्या. अशी कापलेली रायफल बार चांगला काढते आणि स्वस्तही मिळते, पण संग्रहाच्या दृष्टीने तिचं मोल गेलेलं असतं. लाकडाला सैन्यात कच्चं जवसाचं तेल लावत, आजही तेवढंच पुरतं.

कोणती घ्यावी?

एसएमएलई मार्क ३ दिसायला सर्वांत देखणी. लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत, पुढे बोथट नाकाड, आणि तिच्या १९०७च्या संगिनीचं पातं १७ इंचांचं. पण नेम धरायची मागची खाच नळीवर, डोळ्यापासून लांब आहे. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना ती धूसर दिसते. शिवाय पुढचं लाकूड मागच्या बाजूला सांगाड्याला घट्ट टेकलेलं असावं लागतं. कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं की ते सैल होतं, चिरतं, आणि गोळ्या विखरून पडू लागतात. ही रायफल विकत घेताना पुढचं लाकूड हाताने हलवून पाहावं. हललं, तर दुरुस्ती ठरलेली.

‘नंबर ४’ हे दुसऱ्या महायुद्धातलं मॉडेल. नळी जाडसर, आणि मागे खाचेऐवजी डोळ्याजवळचं गोल भोक. त्या भोकातून पाहिलं की डोळा आपोआप मध्य शोधतो. ब्रिटनमध्ये फझाकर्ली, माल्टबी आणि बीएसए या कारखान्यांत ती बनली, कॅनडात लाँग ब्रँचला आणि अमेरिकेत सॅव्हेजने बनवली. सॅव्हेजच्या रायफलींवर ‘यूएस प्रॉपर्टी’ असा ठसा असतो, तरी त्या ब्रिटनसाठीच बनल्या होत्या. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागात गस्त घालणारे कॅनेडियन रेंजर्स २०१०च्या दशकापर्यंत ही रायफल वापरत होते, कारण कडाक्याच्या थंडीत ती दगा देत नाही. नेमबाजीसाठी ली-एनफिल्ड घ्यायची, तर मी कुणालाही डोळे मिटून नंबर ४च सुचवेन.

‘नंबर ५’ म्हणजे जंगल कार्बाइन. आखूड, हलकी, नळीच्या तोंडावर नरसाळं. सगळ्यांना तीच आवडते, म्हणून नकलाही तिच्याच जास्त. अमेरिकेत कित्येक नंबर ४ आणि ईशापूर रायफली कापून, पुढे नरसाळं बसवून जंगल कार्बाइन म्हणून विकल्या गेल्या. अस्सल नंबर ५मध्ये वजन कमी करण्यासाठी कारखान्यातच सांगाडा आणि चेंबरजवळची, म्हणजे काडतूस बसतं तिथली, नळी कोरून काढलेली असते. नकलेत हे कोरीव काम नसतं. ती धक्काही जबर देते, आणि नेम सरकतो ही तक्रार सैन्याच्या काळापासून तिच्या मागे आहे.

दुर्बिणीच्या ‘नंबर ४ टी’कडे नवशिक्याने वळूच नये. नेमक्या निघालेल्या रायफली निवडून हॉलंड अँड हॉलंडने त्यांच्यावर दुर्बिणीची बैठक बसवली होती. त्यांची किंमत साध्या रायफलीच्या कितीतरी पट असल्याने बनावट बैठका आणि बनावट ठसे भरपूर आहेत.

आता आपल्याकडची. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एसएमएलई बनत होती. १९६२च्या युद्धात भारतीय जवानांकडे प्रामुख्याने हीच बोल्टची रायफल होती, समोरच्या चिनी सैन्याकडे मात्र आपोआप भरणारी शस्त्रं होती. त्या पराभवानंतर ७.६२ मिमी नाटो काडतुसाच्या स्वयंभरण रायफली आल्या, आणि त्या सगळ्यांना पुरेपर्यंत मधली सोय म्हणून ईशापूरने त्याच काडतुसाची ली-एनफिल्ड बनवली: ‘२ए’ आणि मग ‘२ए१’. जुन्या रायफलीला नवी नळी जोडून ती केली, हा गैरसमज अमेरिकेतही ऐकू येतो. तसं नाही. अधिक दाब सोसणारं चांगलं पोलाद वापरून ती नव्याने घडवली. तिचं मॅगझीन चौकोनी, १२ काडतुसांचं. २ए१ची मागची खाच ८०० मीटरपर्यंतच आखलेली आहे. या रायफली पुढे मोठ्या संख्येने अमेरिकेत विकल्या गेल्या. संग्रहात त्यांना फार भाव नसे, आणि मला हे नेहमी अन्याय्य वाटत आलं आहे. ली-एनफिल्डच्या घराण्यात सर्वांत शेवटी, स्वतंत्र देशाने स्वतःच्या गरजेतून घडवलेली अशी दुसरी रायफल दाखवता येणार नाही. भारतीय माणसाच्या संग्रहात एक २ए१ असायलाच हवी.

एक सूचना: ७.६२ नाटो आणि .३०८ विंचेस्टर ही काडतुसं दिसायला सारखी असली, तरी दाबाच्या आणि चेंबरच्या मापांच्या बाबतीत हुबेहूब नाहीत. २ए१मध्ये लष्करी मापाचं काडतूसच घालावं, आणि आधी जाणत्या बंदूक-कारागिराकडून रायफल तपासून घ्यावी.

हातात घेतल्यावर

प्रथम रायफल रिकामी आहे याची स्वतः खात्री करा, विक्रेत्याने केलेली असली तरीही. मग बोल्ट काढून मागून नळीत प्रकाश सोडा. खाचांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. आत थोडा काळेपणा चालेल, तो बऱ्याचदा साफ होतो. खड्डे मात्र जात नाहीत. त्यानंतर नळीचं तोंड पाहा. सैनिक दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढत, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने तोंडाशी एका बाजूला दोरीची झीज होई. नळी आतून आरशासारखी असून गोळ्या भलतीकडे जात असतील, तर दोष बहुतेकदा इथे सापडतो.

दुसरं, हेडस्पेस. हा शब्द ऐकून लोक बिचकतात, पण गोष्ट सोपी आहे. थ्री-नॉट-थ्री काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ती पुढून नळीच्या मागच्या तोंडाला टेकते, मागून तिला बोल्टचं डोकं टेकतं. या कडेसाठी मिळणारी जागा म्हणजे हेडस्पेस. ती साधारण ०.०६४ ते ०.०७४ इंच असावी. त्याहून जास्त झाली की बार उडताना काडतूस मागे सरकतं, पितळ ताणतं आणि बुडाजवळ फाटू शकतं. मग तापलेला वायू चेहऱ्याच्या दिशेने येतो. नंबर ४मध्ये ही जागा जुळवायला ०, १, २, ३ अशा क्रमांकांची बोल्टची डोकी मिळत. म्हणजे बोल्ट त्या-त्या रायफलीला जुळवून दिलेला असे. म्हणूनच बोल्टवरचा अनुक्रमांक (डोक्यावरचा हा आकडा नव्हे) आणि सांगाड्यावरचा अनुक्रमांक जुळतो का हे पाहायचं. जुळला नाही तर रायफल टाकाऊ ठरत नाही, पण गेजने मोजल्याशिवाय तिच्यातून एकही बार काढू नये.

तिसरं, ठसे. एसएमएलईवर ते बोल्टच्या मुठीखालच्या पट्टीवर असतात: मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल. ईशापूरच्या ब्रिटिशकालीन रायफलींवर ‘जीआरआय’ ही सम्राट जॉर्जची अक्षरं, स्वातंत्र्यानंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आरएफआय’, म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर. लिथगो लिहिलं असेल तर ती ऑस्ट्रेलियातली. ‘एफटीआर’ म्हणजे कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झालेली, आणि चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही शुभ खूण. नळीवर ‘१८.५ टन्स’ असं दिसलं, तर ती सैन्यातून सुटल्यावर इंग्लंडमधल्या नागरी दाब-चाचणीतून गेलेली आहे.

सर्वांत महत्त्वाची अक्षरं ‘डीपी’. ही रायफल फक्त कवायतीसाठी, बार काढण्यास अयोग्य. कुणी कितीही स्वस्त देवो, नवी नळी बसवली म्हणो, ती भिंतीवर लावायला घ्या आणि तिथेच ठेवा. काही ईशापूर रायफलींच्या पुढच्या लाकडावर तांब्याची किंवा लोखंडी तार गुंडाळलेली दिसते. हातबॉम्ब फेकण्यासाठी त्या वेगळ्या काढल्या होत्या. त्या धक्क्यांनी सांगाड्यावर ताण आलेला असू शकतो. संग्रहात अशी रायफल फार छान दिसते, रेंजवर मात्र मी नेणार नाही.

आणि विक्रेत्याच्या गोष्टी. ही गॅलिपोलीला होती, ही बर्मात लढली, ही मराठा पलटणीची. मराठा पलटणी दोन्ही महायुद्धांत लढल्या हा इतिहास आहे, आणि ली-एनफिल्ड हीच त्या काळातल्या भारतीय पायदळाची मुख्य रायफल होती. पण समोरची रायफल त्यांच्यापैकी कुणाच्या खांद्यावर होती, हे धातूवर किंवा कागदावर लिहिलेलं नसेल तर ते सिद्ध होत नाही. आपल्या माणसाचं मन अशा ठिकाणी चटकन हळवं होतं, आणि विक्रेत्याला ते कळतं. ठसा दाखवा म्हणावं. नसेल तर त्या गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नयेत.

काडतुसं, आणि बारानंतरचं पाणी

जुन्या लष्करी काडतुसांचा एक मराठी धागा आहे. कडेवर ‘केएफ’ असा ठसा दिसला, तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीचं. इंग्रज खडकीला किर्की म्हणत, त्यातला हा ‘के’. ७.६२च्या काडतुसावर ‘ओएफव्ही’ असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचं. परदेशातल्या एखाद्या प्रदर्शनात, काडतुसांच्या पेटीत खडकीचं नाव सापडलं की फार आनंद होतो. ती काडतुसं संग्रहात ठेवावीत. चालवण्यासाठी नवी आणावीत.

कारण जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठ उरतं. हे मीठ हवेतला दमटपणा ओढतं आणि एका रात्रीत नळी गंजवू शकतं. नुसतं तेल पुसून उपयोग नाही, कारण तेलात मीठ विरघळत नाही. पाण्यात विरघळतं. म्हणून बार झाल्याच्या त्याच दिवशी बोल्ट काढून नळीतून कडकडीत पाणी ओतायचं, बोल्टचं डोकंही धुवायचं, सगळं कोरडं करायचं आणि मगच तेल लावायचं. नव्या काडतुसांना हा त्रास नाही.

जुन्या काडतुसांत आणखी एक धोका असतो. चाप ओढल्यावर काहीच होत नाही, आणि क्षणभराने बार उडतो. चाप ओढून आवाज आला नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच धरून किमान अर्धा मिनिट थांबा. लगेच बोल्ट उघडू नका.

पितळी काडतुसं पुन्हा भरून वापरणाऱ्यांसाठी, वर म्हटलेली ताण पडण्याची गोष्ट इथे लागू होते. बुडाच्या थोडं वर बाहेरून चमकदार रेघ दिसली, किंवा आत वाकवलेली तार फिरवताना खाच लागली, तर ते काडतूस भंगारात. नेहमी एकाच रायफलीत वापरणार असाल तर काडतुसाची फक्त मान आवळा, पूर्ण अंग आवळू नका, ती जास्त टिकतात. झिजलेल्या नळीत नाव-बुडाच्या निमुळत्या गोळीपेक्षा सपाट बुडाची गोळी बरी चालते. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोकं पडायला लागली, तर गोळी कोलांट्या खात येते आहे असं समजा. नळी संपली.

कायदा

भारतात हा छंद या रायफलीपुरता जवळपास बंद आहे. थ्री-नॉट-थ्री लष्करी बोअर (नळीचं माप) मानला जातो आणि सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. याच कारणाने आपले आयुध कारखाने नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल बनवत आले. ती ली-एनफिल्डचीच बहीण, काडतूस तेवढं वेगळं.

ब्रिटनमध्ये पोलिसांकडून शस्त्र प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्यासाठी क्लबचं सदस्यत्व हे नेहमीचं कारण. १९८७च्या हंगरफर्ड हत्याकांडानंतर १९८८ साली तिथे मोठ्या काडतुसाच्या स्वयंभरण रायफलींवर बंदी आली, त्यामुळे लष्करी रायफलींचे शौकीन बोल्टच्या रायफलीच चालवतात. फक्त भिंतीवर लावायची असेल, तर अधिकृतपणे निकामी केलेली रायफल मिळते. ऑस्ट्रेलियात १९९६च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर नियम कडक झाले. बोल्टची ली-एनफिल्ड तिथे ‘बी’ वर्गात मोडते, म्हणजे परवाना आणि सबळ कारण दोन्ही हवं. तिथे राहत असाल तर न्यू साउथ वेल्समधल्या लिथगोला कारखान्याचं संग्रहालय आहे, ते जरूर पाहा. कॅनडातही आधी परवाना, मग रायफल.

अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांसाठी वेगळा संघीय परवाना असतो. तो व्यापारासाठी नाही, स्वतःच्या संग्रहासाठी आहे, आणि राज्याचे नियम त्याच्यावर लागतातच. आपल्या लोकांनी मात्र त्याआधी स्वतःचा व्हिसा पाहावा. एच-१बी किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असताना शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगणं संघीय कायद्याने सहसा गुन्हा आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते, पण ती आपल्याला लागू होते का हे वकिलाला विचारूनच ठरवावं. रेंजवर भाड्याने बंदूक घेणं हेही जवळ बाळगणंच धरलं जाऊ शकतं. मित्रांबरोबर सहज म्हणून जाणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं, आणि एका दुपारच्या हौसेपायी ग्रीन कार्ड धोक्यात येऊ शकतं.

ग्रीन कार्ड झालं, रायफल आली, सगळं रीतसर झालं, तरी रेंजची बॅग वेगळी ठेवा. ती प्रवासाला कधीच वापरू नका. मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर सामानात विसरलेलं एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मग सुट्टी पोलीस ठाणं आणि कोर्टात जाते. बॅगेचे कप्पे, जॅकेटचे खिसे, कॅमेऱ्याची पिशवी हे सगळं निघण्याआधी उलटं करून झटका.